‘शीघ्र’ द्रवस्फटिक आणि बदलत्या केंद्रांतराची भिंगे : एक परीक्षण

शास्त्रीय वाङ्मयात विशेषणांना फारसा वाव नसावा, अशी अपेक्षा असते. पदार्थाचा गुण सांगावयाचा तो आकड्याने सांगावा, आणि तो आकडा ज्या परिस्थितीत मिळाला तीही सांगावी, ही तेथील शिस्त होय. तथापि विद्युत् क्षेत्राने केंद्रांतर बदलणाऱ्या द्रवस्फटिकी भिंगांविषयी गेल्या साडेचार दशकांत जे विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात एक विशेषण वारंवार भेटते. ते विशेषण म्हणजे ‘शीघ्र’. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात गुओचियांग ली व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली चष्म्यासाठी तयार केलेले भिंग एका सेकंदाच्या आत बदलते, म्हणून ते शीघ्र ठरले. क्लार्क व लागरवाल यांनी १९८० साली वर्णिलेला फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिक एका मायक्रोसेकंदाहूनही कमी काळात पालटतो, म्हणून तो शीघ्र. केंट येथील लावरेंटोविच व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली नोंदविलेला परिणाम काही दशक नॅनोसेकंदांचा आहे, म्हणून तोही शीघ्र. या तिन्ही शीघ्रतांमध्ये काही कोटी पटींचे अंतर आहे. ज्या शब्दाच्या पोटात एवढे अंतर सामावते, त्याने वाचकास नेमके काय कळते, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

वरील तीनही कामे आपापल्या क्षेत्रात मोलाची आहेत, आणि त्यांच्या कर्त्यांनी आपले आकडे स्वच्छपणे दिले आहेत. दोष आहे तो ते आकडे एका पंक्तीत बसविण्याच्या प्रथेत. पदार्थाच्या पातळ थरावर मोजलेली शीघ्रता भिंगाच्या पदरात जशीच्या तशी पडते, हे गृहीतक या प्रथेच्या मुळाशी आहे. ते कितपत टिकते, हे पाहणे प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय.

१. भिंगाची घडण

काचेच्या भिंगात प्रणमनांक, म्हणजेच वक्रीभवनांक, सर्वत्र सारखा असतो आणि जाडी बदलते. त्या बदलत्या जाडीमुळे प्रकाशाचा तरंगाग्र वाकतो. द्रवस्फटिकी भिंगात बहुधा याच्या उलट योजना असते. दोन सपाट काचांमध्ये समान जाडीचा थर भरलेला असतो, आणि प्रणमनांक मध्यापासून कडेपर्यंत क्रमाने बदलत जातो. नेमॅटिक अवस्थेतील काठीसारखे रेणू एका दिशेने रांगेत उभे असतात. ज्या प्रकाशाचे ध्रुवण रेणूंच्या लांब अक्षाशी समांतर, त्यास अधिक प्रणमनांक भेटतो. ज्याचे ध्रुवण अक्षाशी लंब, त्यास कमी. या दोन प्रणमनांकांतील अंतरास द्विप्रणमन म्हणतात. काचांवरील पारदर्शक विद्युदग्रांना विद्युत् दाब दिला म्हणजे रेणू कलतात आणि समांतर ध्रुवणाच्या प्रकाशास भेटणारा प्रणमनांक कमी होतो. दाब मध्यावर एक आणि कडेवर दुसरा असेल, तर सपाट थराचेच भिंग बनते, आणि दाब बदलला की त्याचे केंद्रांतरही बदलते.

या कल्पनेमागील इतिहास लांब आहे. प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ राइनिट्झर यास १८८८ साली कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाचे दोन वितळणबिंदू आढळले : १४५.५ अंश सेल्सिअसला तो गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना स्वच्छ होई. त्या गढूळ द्रवाचे स्फटिकसदृश वर्तन लेमान याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. लेनिनग्राड येथे फ्रेडरिक्स व त्याचे सहकारी यांनी १९२७ ते १९३३ या काळात असे दाखविले की, बाह्य क्षेत्र एका किमान मर्यादेपलीकडे गेल्यावरच थरातील रेणू कलू लागतात. इंग्लंडात हल येथे जॉर्ज ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली सायनोबायफेनिल वर्गातील टिकाऊ द्रवस्फटिक प्रसिद्ध केले, आणि सामान्य तापमानाला काम करणारी उपकरणे शक्य झाली. जपानमधील अकिता येथे सुसुमु सातो यांनी १९७९ साली भिंगाच्या आकाराच्या पोकळीत द्रवस्फटिक भरून विद्युत् दाबाने केंद्रांतर बदलून दाखविले. त्या पहिल्या भिंगांचा मोठा दोष म्हणजे त्यांचा मंदपणा. पुढील संशोधनाचा बराच भाग या एका दोषाशी झगडण्यात खर्च झाला आहे.

२. वर्गाचा नियम आणि चतुर्थ घात

मंदपणाचे कारण सोपे आहे. दाब काढून घेतला की, काचेच्या पृष्ठाजवळचे रेणू मधल्या रेणूंना मूळ दिशेकडे ओढतात. ही ओढ स्थितिस्थापकतेची. तिला विरोध घूर्णन श्यानतेचा. परतीचा काळ घूर्णन श्यानतेच्या आणि थराच्या जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात, तर स्थितिस्थापकता गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भाजकात पायचा वर्गही येतो. घूर्णन श्यानता ०.१ पास्कल-सेकंद आणि स्थितिस्थापकता गुणांक १० पिकोन्यूटन असे साधारण नेमॅटिक मिश्रणास शोभणारे पूर्णांकी आकडे घेतले, तर ५ मायक्रोमीटर जाडीच्या थराचा काळ सुमारे २५ मिलिसेकंद येतो, आणि ५० मायक्रोमीटर जाडीच्या थराचा अडीच सेकंद. जाडी दसपट झाली की काळ शंभरपट होतो. एवढे सर्व पाठ्यपुस्तकांत असते.

पाठ्यपुस्तकांत सहसा न आढळणारी पुढची पायरी मात्र भिंगाच्या दृष्टीने निर्णायक आहे. दूरदर्शन संचाच्या पडद्यावरील थरास किती जाडी हवी, हे प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ठरते. म्हणून तो काही मायक्रोमीटरांवर थांबू शकतो. भिंगास ही सवलत नाही. मध्य आणि कडा यांच्यामध्ये जेवढा प्रकाशीय मार्गभेद हवा, तो भिंगाची शक्ती व त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. हा मार्गभेद द्विप्रणमन आणि जाडी यांच्या गुणाकारातून मिळवावयाचा. तेव्हा जाडी त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. आणि काळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो त्रिज्येच्या चतुर्थ घाताप्रमाणे व शक्तीच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

या विधानाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भिंगाची शक्ती २ डायॉप्टर, म्हणजे केंद्रांतर अर्धा मीटर, आणि द्विप्रणमन ०.२ असे धरावे. व्यास २ मिलिमीटर असल्यास १ मायक्रोमीटर मार्गभेद पुरतो. थर ५ मायक्रोमीटर आणि काळ २५ मिलिसेकंद. तोच व्यास चष्म्यास किमान लागणाऱ्या १० मिलिमीटरांपर्यंत वाढविला की मार्गभेद २५ मायक्रोमीटर, थर १२५ मायक्रोमीटर आणि काळ जवळजवळ १६ सेकंद होतो. पदार्थ तोच, शक्ती तीच, केवळ व्यास पाचपट. आणि काळ सव्वासहाशे पट. याउलट व्यास १ मिलिमीटरपर्यंत खाली आणला, तर त्याच पदार्थाचे त्याच शक्तीचे भिंग दीड-पावणेदोन मिलिसेकंदांत परतते. म्हणजे नवा रेणू न घडविता, नवी युक्ती न योजता, केवळ भिंग लहान करून कोणासही आपल्या कामास ‘शीघ्र’ म्हणता येईल. व्यास न सांगता दिलेला काळ म्हणूनच निरर्थक ठरतो. आणि असा काळ सारांशात देऊन व्यास आतील पानांवर ठेवण्याची पद्धत वाचकाची दिशाभूल करते, मग हेतू कितीही निर्मळ असो.

३. रसायनाचा मार्ग

वरील विवेचनावरून पदार्थाच्या वाट्याला काय येते, हेही ठरते. शक्ती आणि त्रिज्या ठरल्यावर काळ घूर्णन श्यानतेच्या सम प्रमाणात, आणि स्थितिस्थापकता गुणांक व द्विप्रणमनाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात राहतो. स्थितिस्थापकता गुणांक गुणिले द्विप्रणमनाचा वर्ग भागिले घूर्णन श्यानता, या राशीस गुणवत्तांक मानण्याची प्रथा शिन-त्सॉन वू व त्यांचे सहकारी यांच्या १९८०-नंतरच्या दशकातील लेखनापासून रूढ झाली. ही प्रथा अत्यंत योग्य आहे, कारण तीत श्यानतेबरोबर द्विप्रणमनासही त्याचे उचित स्थान मिळते. केवळ पातळपणा हाच गुण मानला असता, तर कमी श्यान परंतु कमी द्विप्रणमनाचा द्रव श्रेष्ठ ठरला असता. भिंगात तसल्या द्रवाचा थर जाड करावा लागून सर्व लाभ व्यर्थ गेला असता.

द्विप्रणमन ०.२ वरून ०.४ पर्यंत नेले, तर इतर गोष्टी स्थिर असता काळ चतुर्थांश होतो. परंतु इतर गोष्टी स्थिर राहत नाहीत, हीच रसायनशास्त्रज्ञाची अडचण. द्विप्रणमन वाढविण्यासाठी रेणूत बेंझिन वलये आणि तिहेरी बंध यांची माळ लांबवावी लागते. टोलेन गाभा आणि आयसोथायोसायनेट शेवट असलेले रेणू या कामी उपयुक्त ठरले आहेत. तथापि रेणू लांबला की त्याचे फिरणे जड होते, वितळणबिंदू वर चढतो, आणि शोषणपट्टा जंबुपार भागातून दृश्य प्रकाशाकडे सरकतो. त्यामुळे प्रकाशात पदार्थ टिकण्याचा प्रश्न उद्भवतो. उत्तम मिश्रणांनी साध्या नेमॅटिकाच्या तुलनेत गुणवत्तांक अनेक पटींनी वाढविला आहे, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चतुर्थ घाताने उभी केलेली सव्वासहाशे पटींची भिंत अशा काही पटींनी ओलांडता येत नाही.

तापमानाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. तापमान चढले की श्यानता झपाट्याने उतरते. द्विप्रणमन मात्र आरंभी हळूहळू आणि नेमॅटिक अवस्था संपण्याच्या सुमारास एकदम घटते. परिणामी गुणवत्तांक त्या शेवटाच्या थोडा अलीकडे कमाल असतो. एखादा निबंध आपला काळ ६० किंवा ७० अंशांना मोजून देतो, तो अशा वेळी प्रामाणिक असूनही अर्धाच बोलतो. ग्रे यांच्या पेंटिल सायनोबायफेनिलाची नेमॅटिक अवस्था सुमारे ३५ अंशांना संपते. नागपूरच्या वैशाखात तो पदार्थ सावलीतही साधा द्रव होईल, आणि भिंग हे भिंगच राहणार नाही. मिश्रणे बनविण्याची गरज याच कारणाने निर्माण झाली. भिंगास ज्या हवेत काम करावयाचे, त्या हवेच्या तापमानाला मोजलेला काळच उपयोगाचा.

४. नियमाला बगल देणारे मार्ग

रसायनाने भिंत ओलांडत नाही म्हटल्यावर तिला वळसा घालण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील प्रत्येकात जाडीचा वर्ग टळतो. पण प्रत्येकात काहीतरी मोजावे लागते, आणि ते काय, हे ‘शीघ्र’ या विशेषणाच्या आड दडते.

पहिला मार्ग विवर्तनाचा. तरंगाग्राची कला एका पूर्ण आवर्तनाने वाढली की ती पुन्हा शून्यावर आणावयाची. असे केल्यास २५ मायक्रोमीटर मार्गभेदाऐवजी एका तरंगलांबीएवढा मार्गभेद पुरतो. ली यांच्या भिंगातील थर ५ मायक्रोमीटरच जाड होता, दाब २ व्होल्टांहून कमी होता, आणि विवर्तनक्षमता ९० टक्क्यांहून अधिक होती. चष्म्याच्या दृष्टीने हे मोठे यश होय. किंमत द्यावी लागते ती रंगांत. विवर्तनी भिंगाची शक्ती तरंगलांबीच्या सम प्रमाणात असते. ५५० नॅनोमीटरला २ डायॉप्टर असलेले भिंग ४५० नॅनोमीटरला सुमारे १.६ आणि ६५० नॅनोमीटरला सुमारे २.४ डायॉप्टरचे होते. शिवाय १० मिलिमीटर व्यासाच्या अशा भिंगात सुमारे ४५ वलये येतात आणि सर्वांत बाहेरचे वलय सुमारे ५५ मायक्रोमीटर रुंद असते. प्रत्येक वलयाच्या सीमेवर कला जेथे एकदम कोसळावयास हवी, तेथे रेणू मात्र हळूहळूच कलतात. तेथला प्रकाश भलतीकडे जातो. वलयांची रचना काचेवर एकदा कोरली गेली की शक्तीही ठरावीक पायऱ्यांनीच बदलता येते.

दुसरा मार्ग थर विभागण्याचा. एका जाड थराऐवजी दहा पातळ थर एकावर एक रचले, तर काळ शंभरावा हिस्सा होतो. येथे तत्त्वतः काहीच गमावले जात नाही. व्यवहारात मात्र प्रत्येक थराबरोबर दोन विद्युदग्र येतात, प्रत्येक पृष्ठावर थोडा प्रकाश परावर्तनात जातो, आणि दहा भिंगांचे अक्ष एका रेषेत ठेवणे हे कारागिराचे काम अवघड होते.

तिसरा मार्ग बहुवारिक जाळ्याचा. द्रवस्फटिकात थोडा एकवारिक मिसळून त्याचे जाळे विणले, तर रेणूंना परत ओढणारे पृष्ठ दूरच्या काचेऐवजी शेजारच्या धाग्याचे होते. जाळ्याचे घर अर्ध्या मायक्रोमीटरचे असल्यास वरील हिशेबाने काळ पाव मिलिसेकंद येतो, जाडी कितीही असो. परंतु ओढ जेवढी प्रबळ, तेवढा दाबही प्रबळ लागतो. पूर्वी एका व्होल्टाच्या सुमारास कलू लागणाऱ्या १२५ मायक्रोमीटरच्या थराला आता शेकडो व्होल्ट द्यावे लागतात. घराचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास गेला की प्रकीर्णन होऊन भिंग दुधाळ दिसते. अवरक्त प्रकाशात हा दोष सौम्य होतो; म्हणून ही योजना तेथेच अधिक शोभते.

चौथा मार्ग दुहेरी कंप्रतेचा. काही मिश्रणांत विद्युत् अपारक स्थिरांकाचा दिशाभेद कमी कंप्रतेला धन आणि अधिक कंप्रतेला ऋण असतो. त्यामुळे रेणूंना उभे करणे आणि आडवे करणे ही दोन्ही कामे क्षेत्राकडून करून घेता येतात, आणि परतीसाठी दुबळ्या स्थितिस्थापकतेवर विसंबावे लागत नाही. पिश्न्याक, सातो व लावरेंटोविच यांनी २००६ साली या तत्त्वावर भिंग बनविले. सातो यांचे नाव येथे पुन्हा भेटावे, हे या क्षेत्राच्या सातत्याचे निदर्शक आहे. तथापि १२५ मायक्रोमीटरच्या थरात एका मिलिसेकंदाचा काळ मिळवावयाचा, आणि दिशाभेद ३ व श्यानता पूर्वीचीच धरावयाची, तर सुमारे २४० व्होल्ट लागतात. त्यातच ज्या कंप्रतेला चिन्ह पालटते ती तापमानाबरोबर वेगाने सरकते, आणि अधिक कंप्रतेचे क्षेत्र पदार्थास तापवते. म्हणजे मोजमाप ज्याच्या आधारे जुळविले, ते मोजमापामुळेच हलते.

पाचव्या वर्गात अवस्थाच बदलण्याचे प्रयत्न येतात. किकुची व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली बहुवारिकाच्या साहाय्याने नील अवस्थेचे तापमानक्षेत्र ६० अंशांहून अधिक रुंद केले. एरवी ही अवस्था एखाद-दुसऱ्या अंशातच संपते. तिच्यातील प्रतिसाद मिलिसेकंदाहून कमी असतो, आणि क्षेत्र नसताना ती सर्व दिशांना सारखीच असल्यामुळे पृष्ठावर रेणू रांगेत लावण्याचे कामही वाचते. पण तीव्र क्षेत्राची मागणी येथेही आहे. लावरेंटोविच यांच्या नॅनोसेकंदी परिणामात रेणूंची दिशा न बदलता त्यांची शिस्त तेवढी किंचित् घट्ट होते. त्यातून मिळणारे द्विप्रणमन सहस्रांशाच्या घरातले आहे. वर घेतलेले १० मिलिमीटरचे भिंग त्यातून घडवावयाचे, तर थर काही सेंटिमीटर जाड लागेल, आणि त्यावर कोट्यवधी व्होल्ट प्रतिमीटर एवढे क्षेत्र टिकवावे लागेल. वेगाचा हा उच्चांक पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे. भिंगाच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. या एका उदाहरणावरूनही वेग आणि मार्गभेद ही जोडी तोडता येत नाही, हे पटावे.

५. पंचरत्नम् यांचे तत्त्व

या सर्व मार्गांहून वेगळी अशी एक वाट भारतीय संशोधनातून निघाली आहे. एस. पंचरत्नम् यांनी बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत असताना १९५६ साली इंडियन ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात असे दाखविले की, प्रकाशाचे ध्रुवण एका चक्रातून नेऊन मूळ स्थितीत आणले, तरी त्याची कला बदललेली असते. आणि हा बदल प्रकाशाने तोडलेल्या अंतरावर अवलंबून नसून ध्रुवणाने आखलेल्या चक्राच्या आकारावर अवलंबून असतो. १९६९ साली, वयाच्या पस्तिशीत, ते ऑक्सफर्ड येथे निवर्तले. बेरी यांनी १९८४ साली क्वांटम यामिकीत अशाच स्वरूपाची कला मांडल्यावर पंचरत्नम् यांच्या कार्याचे महत्त्व जगाच्या ध्यानी आले. त्यांचे वडीलबंधू एस. चंद्रशेखर हे १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम्.एस्सी. होऊन त्याच संस्थेत गेले. थाळीसारख्या रेणूंच्या द्रवस्फटिकांचा १९७७ सालचा शोध त्यांच्या प्रयोगशाळेतील होय.

या तत्त्वावर भिंग असे घडते. वर्तुळ ध्रुवित प्रकाश अर्धतरंग थरातून गेला की त्यास मिळणारी कला रेणूंच्या अक्षाच्या कोनाच्या दुप्पट असते. तेव्हा मध्यापासून कडेपर्यंत रेणूंचा अक्ष थराच्या प्रतलातच फिरवीत नेला, म्हणजे भिंग तयार होते. जाडी सर्वत्र अर्धतरंगाची. ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशास आणि ०.२ द्विप्रणमनास ती १.४ मायक्रोमीटरहून अधिक नको. व्यास कितीही वाढविला तरी तीत फरक पडत नाही. चतुर्थ घात येथे मुळातूनच नाहीसा होतो. भिंगाचा थर तर स्थिरच ठेवता येतो. पालटावयाचे असते ते प्रकाशाचे वर्तुळ ध्रुवण, उजव्याचे डावे, आणि ते काम शेजारचा दुसरा पातळ थर करतो. उजव्या ध्रुवणास जे भिंग बहिर्गोल, तेच डाव्यास अंतर्गोल ठरते. वरील साध्या नेमॅटिकाच्याच आकड्यांनी १.४ मायक्रोमीटरच्या थराचा काळ सुमारे २ मिलिसेकंद येतो.

आकार एका थराकडे आणि वेग दुसऱ्याकडे, ही श्रमविभागणी या योजनेचे मर्म होय. तिच्यामुळे पदार्थांची जुनी प्रतवारीही उलटीपालटी होते. क्लार्क व लागरवाल यांच्या फेरोइलेक्ट्रिक थराला दोनच स्थिर स्थिती असल्यामुळे तो क्रमशः बदलणाऱ्या भिंगास निरुपयोगी होता. येथे मात्र ध्रुवण पालटण्यास दोनच स्थिती हव्यात, आणि तो दोष गुण ठरतो. फेसबुकच्या संशोधनशाखेने २०१९ साली दाखविलेल्या शिरस्त्राणासारख्या दृश्ययंत्रात अशी पातळ भिंगे एकामागे एक रचून ६४ निरनिराळी केंद्रांतरे मिळविली होती. सहा द्विस्थिती घटकांनी ६४ पर्याय मिळतात, हा हिशेब सरळ आहे. तथापि हे भिंगही विवर्तनी असल्यामुळे रंगांचा दोष त्यात कायम आहे. ध्रुवण शंभर टक्के पालटले नाही, तर उरलेला प्रकाश दुसरीच प्रतिमा उमटवितो. आणि केंद्रांतर अखंड बदलण्याचे मूळ आश्वासन सोडून पायऱ्यांवर समाधान मानावे लागते.

६. काळ कोणता मोजला?

व्यास, शक्ती आणि तापमान सांगितल्यावरही एक संदिग्धता उरते. पदार्थाचा काळ बहुधा परस्परलंब ध्रुवकांमधून येणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून मोजतात : तीव्रता ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येण्यास लागणारा अवधी. घातांकी क्षयात हा अवधी कालांकाच्या २.२ पट असतो. म्हणून कालांक देणारा निबंध दुसऱ्याहून दुपटीने वेगवान भासतो, आणि दोन्ही खरेच बोलत असतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जाड थरात कलांतर अनेक आवर्तनांचे असते. परतीच्या वाटेवर तीव्रता अनेकदा चढते-उतरते, आणि पहिल्या उताराचा अवधी हा संपूर्ण परतीचा अवधी नव्हे.

चढता काळ आणि उतरता काळ यांचीही गल्लत होते. दाब जेवढा अधिक, तेवढे रेणू लवकर उभे राहतात. हा काळ चालकमंडलाच्या सामर्थ्याने हवा तेवढा कमी करता येतो. उतरता काळ मात्र पदार्थाच्याच हाती असतो. दोहोंतील लहान आकडा पुढे करून मोठा मागे ठेवणे, हा ‘शीघ्र’ या शब्दाचा सर्वांत स्वस्त उपयोग होय. शिवाय दोन जवळच्या दाबांमधील बदल हा शून्य ते कमाल या बदलाहून अनेकदा मंद असतो, आणि भिंगाच्या रोजच्या वापरात असेच लहान बदल अधिक येणार.

भिंगाची खरी कसोटी तरंगाग्राची आहे. मध्यावर आणि कडेवर दाब निरनिराळे असल्यामुळे तेथील रेणूही निरनिराळ्या वेगाने स्थिरावतात. संक्रमणाच्या काळात तरंगाग्र मधल्या सर्व केंद्रांतरांच्या सुबक भिंगांमधून जात नाही. त्यात विपथन शिरते. केंद्रबिंदू आपल्या जागी पोहोचला तरी प्रतिमा स्पष्ट होण्यास आणखी अवधी लागतो. केंद्रबिंदूचा काळ आणि प्रतिमेचा काळ हे वेगळे आहेत, आणि वापरणाऱ्यास दुसऱ्याशीच कर्तव्य असते.

७. किती वेग हवा?

वेगाची स्पर्धा चालू असता तो कशासाठी हवा, हा प्रश्न मागे पडतो. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊन जवळचे दिसेनासे होते. या विकारास आणि त्यावरील चष्म्यास मराठीत ‘चाळिशी’ हे एकच नाव आहे. निरोगी तरुण डोळ्यालाही दूरची नजर जवळ आणण्यास सुमारे एक सेकंद लागतो. अशा डोळ्यासाठी भिंग अर्ध्या सेकंदात बदलले, तर ते पुरेसे शीघ्र आहे. त्याहून वेगवान भिंगासाठी रंग बिघडविणे किंवा शेकडो व्होल्ट डोक्यावर बाळगणे, हा सौदा तोट्याचा. ली यांचे सेकंदाच्या आतले भिंग या निकषावर शीघ्र ठरते, आणि तेथे ते विशेषण साजते. याउलट दृश्ययंत्रात सेकंदास ६० चित्रे, आणि प्रत्येक चित्र चार अंतरांवर दाखवावयाचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४ मिलिसेकंद येतात. बदल त्याच्या लहानशा अंशात, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आसपास, संपावयास हवा. तेथे साधे नेमॅटिक भिंग हताश ठरते, आणि पंचरत्नम् यांच्या तत्त्वावरील किंवा फेरोइलेक्ट्रिक योजना अपरिहार्य होतात.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. शीघ्रता ही पदार्थाच्या बाटलीवर चिकटविण्याची चिठ्ठी नव्हे; ती भिंगाच्या संपूर्ण घडणीची आणि त्याच्या उपयोगाची राशी आहे. अखंड तरंगाग्राच्या भिंगांपुरती एक साधी कसोटी लावता येईल : परतीचा काळ घ्यावा, आणि त्यास शक्तीचा वर्ग व त्रिज्येचा चतुर्थ घात यांच्या गुणाकाराने भागावे. वर घेतलेल्या साध्या नेमॅटिकासाठी, शक्ती डायॉप्टरमध्ये आणि त्रिज्या मिलिमीटरमध्ये धरल्यास, हा आकडा सुमारे ६ मिलिसेकंद येतो. नव्या पदार्थाचा आकडा याहून जितका खाली, तितके त्याचे श्रेय. आणि तो याच्या आसपासच असेल, तर मथळ्यातील मिलिसेकंद कितीही लहान असोत, ते लहान भिंगाचे दान आहे. विवर्तनी व पंचरत्नम् पद्धतीच्या भिंगांना ही कसोटी लागू नाही; त्यांच्याकडून वर्णविपथनाचा आणि वाया गेलेल्या प्रकाशाचा हिशेब काळाच्या शेजारीच मागितला पाहिजे.

२०१७ साली प्रथम वर्णिलेल्या आणि २०२० साली निश्चितपणे ओळखल्या गेलेल्या फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिक द्रवस्फटिकांभोवती आता नव्या अपेक्षा गोळा होत आहेत. डिबाय व बॉर्न यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या विचारांत ज्याची चाहूल होती, ती अवस्था शंभर वर्षांनी हाती आली, ही आनंदाची घटना आहे. तिचे स्वयंभू विद्युत् ध्रुवण प्रबळ असल्याने क्षीण क्षेत्रानेही ती हलते. साहजिकच ‘शीघ्र’ हे विशेषण तिच्या मागे लागलेच आहे. ती अवस्था अभ्यासावयास घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रत्येक निबंधात प्रथम भिंगाचा व्यास शोधावा, मग शक्ती, मग तापमान, मग चढता की उतरता काळ, आणि शेवटी तरंगाग्राचे चित्र. एवढे सर्व जेथे सापडेल, तेथे विशेषणाची गरज उरणार नाही.